सीझनच्या तोंडावर अडलेला पीसी

गोव्यात हरमलला गेस्ट हाऊस चालवणाऱ्या घरांतला पीसी दगा देतो तो बहुधा ऑक्टोबरात. मे महिन्यात पाहुणे गेले की त्याच्यावर कापड पडतं. मिरग लागतो, चवथ होते आणि सीझन तोंडावर आला की कुणीतरी बटण दाबतं. मग एकतर काहीच होत नाही, नाहीतर पंखा फिरतो आणि पडदा काळाच राहतो. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची नोंद ऑनलाइन करायची असते, त्यामुळे पहिला सल्ला मिळतो तो ‘फॉरमॅट मार’ हाच. हे काम सगळ्यात शेवटचं. त्याआधी वीज प्लगमधून आत येते तिथपासून विंडोज उघडते तिथपर्यंत, त्याच वाटेने तपासत जायचं.

मुळात बंद ठेवलेला पीसी बिघडतो कशाने? किनाऱ्यावरच्या हवेत मिठाचे बारीक कण असतात आणि कॅबिनेटचा पंखा धुळीबरोबर तेही आत ओढतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी धरून विरघळू लागतं, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती दिवसच्या दिवस त्याहून जास्त असते. मिठाच्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे मदरबोर्डवर नको त्या दोन टोकांत संधान जुळतं आणि तांबं हळूहळू हिरवं पडतं. रोज चालणारा पीसी आतून खोलीपेक्षा थोडा गरम असल्याने कोरडा राहतो, चार महिने झाकलेला राहत नाही. ऑक्टोबरात म्हणून बटण दाबण्याआधी प्लग काढा, बाजूचा पत्रा उघडा, मऊ ब्रशने धूळ झाडा आणि कॅबिनेट दिवसभर छताच्या पंख्याखाली ठेवा. मागचे स्क्रू गंजले असतील तर आतही काय चाललंय त्याचा अंदाज येतो.

आता वीज. आधी त्याच सॉकेटला टेबललॅम्प लावून बघा, मग यूपीएस वगळून पीसी थेट भिंतीला जोडा. यूपीएसची लेड-ॲसिड बॅटरी चार्ज न होता महिनोन्‌महिने पडून राहिली तर मरते, आणि पुष्कळदा बिघाड एवढाच असतो. तरीही काही नसेल तर एसएमपीएसकडे, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे, वळा. प्लग लावलेला असताना, पीसी बंद असला तरी, मोठ्या कनेक्टरच्या जांभळ्या वायरीवर मल्टिमीटरला ५ व्होल्ट मिळायलाच हवेत. चालू झाल्यावर पिवळीवर १२, लालवर ५, नारिंगीवर ३.३, आणि त्यात पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. पिवळीवर ११ दिसले तर पंखा कितीही जोरात फिरो, एसएमपीएस बदला. त्याचा डबा मात्र घरी उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

पंखा फिरतोय पण पडद्यावर काहीच नाही, अशा वेळी पहिला संशय रॅमवर घ्यावा. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, दोन्ही बाजूंचे खटके सोडून पट्टी बाहेर काढा आणि उजेडात तिरपी धरा. सोनेरी दातांवर धुरकट थर, कधी हिरवट ठिपका दिसतो. खोडरबराचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे, तो चालतोही, पण त्याचे कण स्लॉटमध्ये जातात आणि सोन्याचा मुलामाही झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं मला जास्त बरं वाटतं. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा, स्लॉटही बदलून बघा. मदरबोर्डला छोटा स्पीकर असेल तर त्याच्या पिपाण्या मोजा. कोणत्या पिपाणीचा अर्थ काय हे बोर्डच्या पुस्तिकेत असतं.

पुढची भानगड दिसायला छोटी, पण तिच्यापायीच बिनकामाचे फॉरमॅट होतात. मदरबोर्डवर नाण्याएवढा ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल असतो. पीसीचा प्लग काढलेला असतो तेव्हा घड्याळ याच सेलवर चालतं, आणि पुष्कळ बोर्डांत बायोसची मांडणीही त्याच्याच जिवावर टिकते. पावसाळाभर प्लग काढून ठेवल्यावर जुना सेल संपतो. मग पीसी चालू होतो, पण तारीख भलतीच दाखवतो आणि बायोस मूळ मांडणीवर जातो. डिस्क आधी ज्या पद्धतीने जोडलेली होती ती पद्धतच बदलते, विंडोजला स्वतःची डिस्क ओळखू येत नाही आणि निळा पडदा येतो. बघणाऱ्याला वाटतं विंडोज गेली. प्रत्यक्षात नवा सेल घालून, बायोसमध्ये साटा मोड आणि बूटची पद्धत पूर्वीसारखी केली की पीसी सुरू होतो. पूर्वी काय होतं ते कुणाच्याच लक्षात नसतं, म्हणून पीसी धड चालतोय तोवरच बायोसच्या पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. विंडोज ११ असेल तर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते. बायोस बदलला की ती ४८ आकडी किल्ली मागते, आणि ती किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते.

चालता चालता बंद पडणाऱ्या पीसीत दोष बहुधा उष्णतेचा किंवा रॅमचा असतो. प्रोसेसरवरची पेस्ट सुकलेली असेल तर बदला, आणि मेमटेस्ट८६ रात्रभर चालू द्या.

लोगो येऊन अडत असेल तर डिस्क ऐका. जुनी फिरती डिस्क टक-टक करत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, प्रत्येक खेपेला नुकसान वाढतं. त्यात मोलाचं काही असेल तर ती जाणकाराकडे द्या. आवाज नसेल तर पेनड्राइव्हवरून उबुंटू चालवा, इन्स्टॉल न करता, आणि जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्याच्या प्रती, पाहुण्यांच्या नोंदी, फोटो आधी बाहेर काढा.

एवढं सगळं ठीक निघालं तरच विंडोजला हात लावायचा. सुरू होताना दोन-तीनदा लागोपाठ अडली की ती दुरुस्तीचा पडदा स्वतःच दाखवते. तिथून सेफ मोडमध्ये जा आणि शेवटी आलेला अपडेट किंवा ड्रायव्हर काढून बघा. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभर सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले, विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यातल्या बहुतेकांवर उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसणं. फॉरमॅटची गरज नव्हती.

पुढच्या मे महिन्यात पीसी झाकू नका. आठवड्यातून दोनदा तासभर चालवा, यूपीएस भिंतीला लावलेलाच राहू द्या. गडगडाट ऐकू आला की मात्र दोघांचेही प्लग काढा, आणि राउटरची लॅन केबलही. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राउटरच्या अडॅप्टरमधून येते आणि त्या केबलवरून थेट मदरबोर्डपर्यंत पोहोचते.