‘मॅगझिन’ : एका शब्दाचे अर्थ आणि मूळ

इंग्रजीतील ‘मॅगझिन’ या शब्दाचा अर्थ विचारल्यास विद्यार्थी ‘मासिक’ असे उत्तर देतो. ते चूक नाही, पण अपुरे आहे. इतिहासाच्या पुस्तकात ११ मे १८५७ रोजी दिल्लीचे ‘मॅगझिन’ ब्रिटिश अधिकाऱ्यांनी स्वतःच उडवून दिले, असे वाचताच तो गोंधळतो. तेथे मॅगझिन म्हणजे दारूगोळ्याचे कोठार. बंदुकीत काडतुसे ज्या कप्प्यात भरतात, त्यालाही मॅगझिनच म्हणतात. छापील मासिक, दारूगोळ्याचे कोठार आणि काडतुसांचा कप्पा यांचा परस्परसंबंध लक्षात येण्यासाठी शब्दाच्या मुळाकडे जावे लागते.

हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकात फ्रेंच ‘मागाझँ’वरून आला. फ्रेंचांनी तो इटालियन ‘मागाझ्झीनो’वरून घेतला आणि इटलीत तो अरबीतून पोहोचला. अरबी मूळ ‘मख्ज़न’, म्हणजे साठा करण्याची जागा. ख-ज़-न या धातूचा अर्थ ‘साठविणे’. धातूच्या आधी ‘म’ येऊन स्थानवाचक नाम बनते. क-त-ब म्हणजे लिहिणे, त्यावरून ‘मक्तब’. स-ज-द म्हणजे नतमस्तक होणे, त्यावरून ‘मस्जिद’. मस्जिदचे अनेकवचन जसे ‘मसाजिद’, तसे मख्ज़नचे ‘मख़ाज़िन’. युरोपीय भाषांनी हे अनेकवचनी रूप उचलले आणि एकवचनी म्हणून वापरले. स्पॅनिश ‘आल्मासेन’ आणि पोर्तुगीज ‘आर्माझें’ हे शब्दही याच कुळातील आहेत. त्यांत अरबी ‘अल्’ हे उपपद शब्दालाच चिकटलेले दिसते.

इंग्रजीत प्रथम ‘कोठार’ हाच अर्थ होता. पुढे तो शस्त्रे व दारूगोळा यांच्या कोठारापुरता अधिक रूढ झाला, आणि एकामागून एक गोळी झाडणाऱ्या बंदुका आल्यावर त्यांच्या काडतुसांच्या कप्प्यालाही तेच नाव मिळाले. दुसरीकडे, सतराव्या शतकात माहितीसंग्रहाच्या पुस्तकांना ‘मॅगझिन’ म्हणजे ‘ज्ञानाचे कोठार’ असे नाव देण्याची पद्धत पडली. १७३१ मध्ये एडवर्ड केव्ह यांनी लंडनमध्ये ‘द जेंटलमन्स मॅगझिन’ सुरू केले. इतर वृत्तपत्रांतील वेचे एकत्र साठविणे हा त्याचा आरंभीचा हेतू असल्याने नाव सार्थ होते. पुढे ते त्या प्रकारच्या नियतकालिकांचे सामान्यनाम बनले. फ्रेंचांनी नियतकालिकासाठी हा शब्द इंग्रजीतून परत घेतला. त्यांचा मूळ ‘मागाझँ’ मात्र आज ‘दुकान’ या अर्थी वापरला जातो.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. मराठीतील ‘खजिना’, ‘खजिनदार’ आणि उर्दूतील ‘ख़ज़ाना’, ‘ख़ाज़िन’ हे शब्द याच धातूचे आहेत. ते फारसीच्या वाटेने इकडे आले, तर ‘मॅगझिन’ युरोपची फेरी करून आला. १९०१ मध्ये शेख अब्दुल कादिर यांनी लाहोर येथून उर्दू मासिक काढले, त्याचे नाव ‘मख़ज़न’. इक्बाल यांची ‘हिमाला’ ही कविता त्याच्या पहिल्याच अंकात आली. म्हणजे इंग्रजीने ज्या शब्दापासून मासिकाचे नाव घडविले, तोच शब्द उर्दूने आपल्या मासिकाला मूळ रूपात दिला.

‘खजिना’ आपला आणि ‘मॅगझिन’ परका, अशी विभागणी या इतिहासापुढे टिकत नाही. शब्द कोणत्या वाटेने आला यावरून तो आपला की परका हे ठरत नाही, तो किती मुरला यावरून ठरते. खजिना मराठीत इतका मुरला आहे की तो अरबी आहे हे सांगावे लागते. वर्गात ‘मॅगझिन’ शिकविताना फळ्यावर शेजारी ‘खजिना’ लिहावा. ‘साठा’ हा एक अर्थ हाती आला की कोठार, काडतुसांचा कप्पा आणि मासिक हे तिन्ही अर्थ विद्यार्थ्याला पाठ करावे लागत नाहीत. तसेच भाषा एकमेकींपासून तुटलेल्या नसतात, हेही त्याला वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.