थंडीत अडखळणारी जुनी मालमोटार

नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात हिवाळ्यात काही वर्षी पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. अशा पहाटे भाजीपाला, दूध अथवा पाणी वाहणारी जुनी मालमोटार सुरू होते. परंतु इंजिन थरथरते, 'मिसिंग' करते आणि अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय काढताच बंद पडते. दोष थंडीला दिला जातो. वस्तुतः थंडी बहुधा नवा बिघाड निर्माण करीत नाही. वर्षभर दुर्लक्षिलेला बिघाड ती उघड करते.

डिझेल इंजिनात ठिणगीची योजना नसते. सिलिंडरमधील हवा दाबामुळे इतकी तापते की, तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. बॅटरी क्षीण असल्यास अथवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या असल्यास थंड इंजिनात ही उष्णता अपुरी पडते आणि न जळलेले डिझेल पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. इंजिन तापल्यावर हा धूर निवळला पाहिजे.

तपासणीचा क्रम

तपासणी अल्पखर्चाच्या बाबींपासून सुरू करावी.

१. बॅटरीच्या टोकांवरील पांढरी भुकटी साफ करून जोडण्या घट्ट कराव्यात.

२. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्री दव जमून पाणी साचते. टाकी सायंकाळीच भरावी व फिल्टरच्या तळाचे पाणी काढावे.

३. डिझेल फिल्टर तुंबला असल्यास बदलावा. आयएस १४६० या भारतीय मानकानुसार डिझेलमुळे गाळणी तुंबण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा हिवाळ्यासाठी ६, तर उन्हाळ्यासाठी १८ अंश आहे. म्हणून पिंपात साठवलेले उन्हाळी डिझेल थंडीत वापरू नये.

४. इंजिन सुरू होऊन थोड्याच वेळात बंद पडत असेल, तर नळीत हवा शिरल्याचा संशय घ्यावा. सैल जोड व तडकलेल्या नळ्या दुरुस्त कराव्यात. नंतर फिल्टरवरील स्क्रू सैल करून, बुडबुड्यांविना डिझेल येईपर्यंत हातपंप चालवावा.

५. काळा धूर येत असल्यास एअर फिल्टर पाहावा.

एवढे करूनही दोष राहिल्यास नोझल, टॅपेट व पंपाची तपासणी जाणकार कारागिराकडून करून घ्यावी. केवळ स्क्रू फिरवून इंजिनाची मंद गती वाढविल्यास मूळ दोष झाकला जातो. दूर होत नाही.

सुरक्षितता

एअर ब्रेकची हवा इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर भरतो. घाटात इंजिन बंद पडल्यास ब्रेकच्या प्रत्येक वापरागणिक हवेचा दाब घटत जातो. त्यामुळे असे वाहन दुरुस्तीपूर्वी घाटात नेऊ नये. बंद शेडमध्ये इंजिन तापवत ठेवू नये. धुरातील विषारी वायू जीवघेणा ठरतो. टाकीखाली शेकोटी पेटविणे तर सर्वथा टाळावे.

ज्या ग्रामपंचायतीकडे पाण्याचा जुना टँकर आहे, तिने फिल्टर बदलल्याची व पाणी काढल्याची तारीख वाहनाच्या नोंदवहीत लिहून ठेवावी. दिवाळीनंतर लगेच ही तपासणी उरकल्यास ऐन थंडीत गावाचे पाणी अडणार नाही.