खडक एक, विहिरी तीन

एका विहिरीवर पंप लावला की शेजारच्या विहिरींचं पाणीही उतरू लागतं. दर थोड्या वेळाने ते मोजून कागदावर मांडलं, की प्रत्येक विहिरीची एक वक्र रेषा मिळते. जवळच्या विहिरीचं पाणी लवकर उतरतं, लांबच्या विहिरीचं उशिरा.

पण खालचा खडक एकच असेल, तर त्यातून पाणी किती सहज वाहतं आणि त्यात किती साठतं, हे दोन आकडे तिन्ही विहिरींना सामाईक. अंतर तेवढं जिचं तिचं. यासाठीचं सूत्र अमेरिकेतल्या चार्ल्स थाइस यांनी १९३५ साली मांडलं.

एकेका विहिरीचा वेगळा हिशेब केला, तर मोजण्यातल्या चुकांमुळे तीन उत्तरं येतात. म्हणून तिन्ही रेषांना एकदम जुळतील असे दोनच आकडे शोधतात. एकीच्या मापातली चूक बाकीच्या दोघी सावरतात.

एखादी विहीर जुळतच नसेल, तर तिला ओढूनताणून बसवू नये. आपल्या काळ्या कातळात भेगा सगळीकडे सारख्या नसतात; तिथला खडक निराळा असू शकतो.

गावात नवी बोअर घेण्याआधी अशी उपसा चाचणी झाली, तर ग्रामसभेत जरूर विचारा: किती विहिरी मोजल्या? हिशेब एकत्र केला का?