आपल्या विहिरींतील थर आणि गोंडवन खंड

विहीर खणतांना प्रथम काळी माती, मग मुरूम, मग सच्छिद्र मांजऱ्या आणि अभंग काळा पाषाण लागतो. मध्येंच एखादा तांबडा पट्टा येतो. या थरांचा उगम शोधूं गेल्यास वाचकांस आमच्याबरोबर फार मागें यावें लागेल.

सुमारें २० कोटी वर्षांपूर्वीं भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका हे सर्व एकाच विशाल भूखंडांत होते. त्यास गोंडवन म्हणतात, आणि हें नांव आपल्या मध्य भारतांतील गोंडांच्या मुलुखावरून पडलेलें आहे. चंद्रपुराजवळ इरई येथील जुन्या चुनखडीवर सुमारें ३० कोटी वर्षांपूर्वींच्या हिमनदीचे ओरखडे आहेत. वैशाखांत जेथें पाय भाजतात तेथें बर्फ! त्या बर्फानंतरच्या अरण्यांचा बल्लारपूर भागांत कोळसा झाला. त्या काळच्या ग्लॉसॉप्टेरिस झाडाचीं पानें दगडांत उमटलेलीं सांपडतात. तसेच दगड १९१२ सालीं दक्षिण ध्रुवाहून परततांना मृत्यु पावलेल्या कॅप्टन स्कॉटच्या सामानांत मिळाले. त्याच सालीं वेगेनर या जर्मन पंडितानें भूखंड सरकतात असें मांडलें. विद्वानांनीं तें बहुतेक हंसण्यावारी नेलें. समुद्रतळाच्या तपासणीनंतर, १९६० च्या पुढें, तें मान्य झालें.

गोंडवन फुटल्यावर भारत उत्तरेकडे निघाला. वाटेंत, सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं, तो आजच्या रियुनियन बेटाखालील तप्त स्थानावरून गेला, तेव्हां भूमि भेगाळून शिलारस थरांवर थर पसरला. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या पायऱ्या त्याच थरांच्या होत. दोन थरांमध्यें बराच काळ गेला तेथें खालच्या थराचा माथा कुजून तांबडा झाला व पुढच्या रसाखालीं गाडला गेला. आशियाशीं टक्कर होऊन हिमालय वर येऊं लागला तो यानंतर.

या खडकांत चुना, लोह व मॅग्नेशियम भरपूर. तो झिजून जी चिकण माती होते ती ओल धरते, फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. रब्बीची ज्वारी पावसावांचून येते ती या ओलीवरच.

आतां विहिरीविषयीं. अभंग पाषाणांत भेगा नसतील तर पाण्याची आशा थोडीच, मग सुरुंग कितीही लावा. झिजलेल्या मांजऱ्यांत व भेगाळ खडकांत पाणी मुरतें. तांबडा पट्टा मऊ असल्यानें ढासळूं शकतो. तेवढ्या भागास बांधकाम करून घ्यावें.