पुराने लावलेलं जंगल

बसा पोरांनो, आज एका फुटलेल्या बांधाची गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटो शहराच्या दक्षिणेला कोसम्नेस नावाची नदी आहे. सिएरा नेवाडाच्या डोंगरांतून ती उतरते. तिच्यावर मोठं धरण नाही, त्यामुळे हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या पावसाळ्यात, ती अजून मनसोक्त फुगते.

काठावरची ओकची रानं शेतीसाठी केव्हाच तुटली होती आणि नदी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घातले होते. १९८७ साली तिथे राखीव क्षेत्र झालं. स्वयंसेवक आले, शाळेतली मुलं आली. ओकची एकेक बी हाताने पुरायची, पाणी घालायचं, तण काढायचं. केवढे कष्ट!

पण त्याच परिसरात १९८५च्या सुमारास पुराने एक बांध फोडून शेतात वाळू आणि गाळ ओतला होता. ते शेत मग पडीकच राहिलं. काही वर्षांनी पाहतात तर तिथे कॉटनवुड आणि वाळुंजांचं दाट रान! लोक त्याला 'अपघाती जंगल' म्हणू लागले.

कुणी लावलं ते? नदीनेच. या झाडांचं बी रुईच्या म्हातारीसारखं हलकं असतं आणि थोडेच दिवस जिवंत राहतं. तेवढ्यात त्याला उघडा, ओला गाळ मिळाला पाहिजे. पूर ओसरायला लागतो त्याच सुमारास हे बी सुटतं. काय वेळ साधली आहे बघा!

मग १९९५ साली माणसांनी आपण होऊन एक बांध फोडला. नदीला पसरायला जागा मिळाली. डेव्हिस शहरातल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथे सॅमन माशांची पिल्लं जाळीच्या पिंजऱ्यांत ठेवली, काही पात्रात, काही पुराच्या पाण्यात. पुरातली पिल्लं कितीतरी मोठी झाली. उथळ, संथ पाणी उन्हाने कोमट होतं, शेवाळ वाढतं, शेवाळावर बारीक जीव पोसतात आणि त्यांच्यावर मासे.

मग स्वयंसेवकांची मेहनत फुकट गेली का? छे! ओक सावकाश वाढतो, पण शतकानुशतकं जगतो. कॉटनवुड आणि वाळुंज पाण्याचा वेग मोडतात, गाळ धरतात, जमीन हळूहळू उंचावते. तिथे मग ओक पाय रोवतो. जे नावाचे निळे पक्षी ओकच्या बिया पुरून ठेवतात, त्यांतल्या काही बिया तिथेच राहतात आणि रुजतात. हे पक्षीही एका परीने स्वयंसेवकच.

आता त्या रानातून पायवाट काढली आहे, पाणथळीवरून लाकडी फळ्यांची वाट आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले क्रौंच बघायला माणसं तिथे जातात. मोठा पूर आला की पायवाटेचा काही भाग पाण्याखाली जातो आणि ती बंद ठेवतात. तेवढे दिवस ती माशांच्या पिल्लांची.