गळ्यात माळ, हातात माईक

शिरपूर तालुक्यात गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह बसतात. पहाटे काकडा, दुपारी गाथा-भजन, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन. महाराजांच्या मागे टाळकऱ्यांच्या रांगेतून अठरा-वीस वर्षांचा एखादा गळा अशी काही चाल उचलतो की पेंगणारा मांडव जागा होतो. पुढे लग्नसराईत तोच गळा वरातीपुढच्या गाडीवर अहिराणी गाणी गाताना ऐकू येतो आणि पारावर कुणीतरी म्हणतं, "गयामा तुळस शे, आन डीजेवर गास?"

ही टोचणी खान्देशापुरती नाही. तिचं सर्वांत ठळक उदाहरण मला सापडलं ते अमेरिकेतल्या युटा राज्यात.

गायक डेव्हिड आर्चुलेटा १९९० साली जन्मला. आई होंडुरासची, घर मॉर्मन. मॉर्मन पंथ जोसेफ स्मिथने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापला. पुढे छळ सोसत त्याचे अनुयायी १८४७ मध्ये युटाच्या ओसाड खोऱ्यात पोचले आणि तिथेच वसले. आपल्याकडे हे नाव अनोळखी वाटतं, पण ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन प्रचारक १८५२ साली मुंबईत उतरला होता आणि पुण्यातही त्याने आपल्या मताचा प्रसार केला. त्यांची पथ्यं मात्र माळकऱ्याला परकी वाटणार नाहीत. दारू आणि तंबाखू वर्ज्य, इतकंच काय, चहा-कॉफीसुद्धा वर्ज्य. उत्पन्नाचा दहावा हिस्सा पंथाला. रविवार देवाचा. आणि तरुण मुलांकडून अपेक्षा अशी की उमेदीची दोन वर्षं घरदार सोडून, खर्च स्वतः किंवा घरच्यांनी सोसून, पंथ पाठवील तिथे धर्मप्रसार करावा.

२००८ साली सतरा वर्षांचा डेव्हिड 'अमेरिकन आयडॉल' या टीव्हीवरच्या गायनस्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला. जवळजवळ पावणेदहा कोटी मतं पडली आणि तो दुसरा आला. पण मला त्या निकालापेक्षा आधीच्या एका फेरीतला प्रसंग महत्त्वाचा वाटतो. त्याने जॉन लेननचं 'इमॅजिन' निवडलं. त्या गाण्याची सुरुवात स्वर्ग नाही असं समजा, अशी आहे आणि पुढे धर्मही नाही असं समजा, असं येतं. डेव्हिडने ती दोन्ही कडवी वगळली आणि शेवटचं, माणसांच्या बंधुत्वाचं कडवं गायलं. ते आपलं आवडतं कडवं आहे, एवढंच कारण त्याने दिलं. मला त्यात सतरा वर्षांच्या पोराने शोधलेली वाट दिसते. गाणं सोडायचं नाही आणि जे मनाला पटत नाही ते ओठांवरही आणायचं नाही.

त्याच वर्षी त्याचं 'क्रश' अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर आलं. कारकीर्द भरात असताना डिसेंबर २०११ मध्ये, एका नाताळ मैफलीत, त्याने रडत रडत सांगितलं की दोन वर्षांसाठी गाणं थांबवून मी धर्मप्रसाराला जातोय. मार्च २०१२ ते मार्च २०१४ तो चिलीमध्ये होता. पांढरा सदरा, छातीवर नावाची काळी पट्टी, दारोदार फिरणं. मागे त्याच्या गाण्यांचा संग्रह बाजारात आला, तेव्हाही तो तिकडेच होता. गायकाच्या आयुष्यातली एकवीस ते तेवीस ही वर्षं म्हणजे काय, हे गाणाऱ्यालाच कळेल.

डेव्हिड ज्या मे महिन्यात दुसरा आला, त्यानंतर काही महिन्यांतच झी मराठीवर 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' घराघरांत पोचलं. २००९ साली त्याची अंतिम फेरी आळंदीच्या कार्तिकी गायकवाडने जिंकली. वडील कल्याणजी गायकवाड हेच तिचे गुरू, घरात वारकरी गायकी. तिने गवळण आणि अभंग टीव्हीच्या झगमगाटात आणले आणि लोकांनी मोबाईलवरून मतं पाठवून तिला निवडलं. इथे दोन मुलांमधला फरक मला लख्ख दिसतो. डेव्हिडची लोकप्रिय गाणी त्याच्या उपासनेच्या बाहेरची होती, म्हणून त्याला एक थांबवून दुसरं करावं लागलं. कार्तिकीच्या परंपरेत गाणं हीच उपासना. वारकऱ्याला देवासाठी गाणं सोडावं लागत नाही.

याचा अर्थ आपल्याकडे पेच नाही असा मुळीच नाही. तो पैशापाशी येतो. तुकोबांचं म्हणणं फार कडक आहे: जिथे कीर्तन केलं तिथे जेवण नको, कपाळी बुक्का नको, गळ्यात हारही नको. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तीही निःस्पृह कीर्तनकार घडावेत या तळमळीने. दुसरीकडे, तिकीट लावलेल्या कलेतही भक्ती शिरते, हेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट. १९३६ साली प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये ते तुकोबा झाले. चित्रपट मुंबईत सत्तावन्न आठवडे चालला आणि लोक पागनीसांना संत मानून त्यांच्या पाया पडू लागले. तिकीट काढून थेटरात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत आलेलं पाणी खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

डेव्हिडची पुढची कहाणी जास्त अवघड आहे. जून २०२१ मध्ये त्याने आपण एलजीबीटीक्यू समुदायातले आहोत, हे जाहीर केलं आणि माझ्यासारख्यांना देवाच्या घरात जागा करा, अशी विनवणी केली. त्याचा पंथ समलिंगी विवाह मान्य करत नाही. पुढच्या वर्षी तो पंथापासून दूर झाला. मग त्याच्या आईनेही तो पंथ सोडला. मुलाला जिथे जागा नाही तिथे मलाही नको, ही तिची भूमिका. त्यावर त्याने २०२४ मध्ये 'हेल टुगेदर' हे गाणं केलं. ज्या मुलाने एकेकाळी न पटणारी कडवी गाळली, त्याने आता मनातलं सगळं गाण्यात घातलं.

म्हणून पारावरच्या त्या शेऱ्याने मी अस्वस्थ होतो. आपल्या मुलांना चिलीला जावं लागत नाही आणि गाणं थांबवायलाही कुणी सांगत नाही. पण बाहेरून बोलावलेल्या नामांकित महाराजांची बिदागी आधीच ठरते, त्यासाठी गावभर वर्गणी फिरते, आणि सात रात्री घसा फोडणाऱ्या गावच्या पोराच्या हाती काल्याच्या दिवशी नारळ आणि उपरणं पडतं. त्याच्या घरी कापसाचं पीक हातचं गेलेलं असतं, धाकट्या बहिणीची फी भरायची असते. वरातीत गाऊन तो ती भरतो. निःस्पृहतेचा नियम फक्त त्याच्याच वाट्याला का यावा? तुकोबांनी तो कीर्तनकारांसाठी घातला होता, वर्गणी गोळा करणाऱ्या समितीने पुढच्या सप्ताहाआधी तो महाराजांनाही वाचून दाखवावा, नाहीतर त्या पोरालाही पाकीट द्यावं.