जत्रेतले भांड्यांचे दुकान : गल्ला किती आणि नफा किती?



खरिपाचा माल घरात आला, चार पैसे हाती खेळू लागले, की आपल्याकडे जत्रांचे दिवस सुरू होतात. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा आणि साताऱ्याकडे पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. पुढे रब्बीची सुगी आटोपली की चैत्री पौर्णिमेला जोतिबा, आणि मग वैशाखापर्यंत गावोगावच्या ग्रामदैवतांच्या जत्रा. देवदर्शन होते, लेकीबाळी माहेरी येतात, आणि येताना संसाराला लागणारी एखादी वस्तू घेतल्याशिवाय घरची बाई जत्रेतून परतत नाही.

भांडी विकण्याचा धंदा आपल्याला नवा नाही. कासार आणि तांबट यांची दुकाने जत्रेत पिढ्यान् पिढ्या लागत आली. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण तर थेट घराच्या उंबऱ्यापर्यंत येई. कोणत्या घरात किती माणसे, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, हे तिला पाठ असे. आता या धंद्यात बचत गटाच्या भगिनीही उतरल्या आहेत. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ पासून काम करणारे ‘उमेद’ अभियान यांच्यामुळे गटांना कर्ज मिळू लागले, सरस प्रदर्शनांतून माल मांडण्याची सवय झाली. गावच्या जत्रेत दहा बाय दहाचा मांडव घालून भांडी विकायला बसणे आता कोणाला अवघड वाटत नाही.

अवघड आहे तो हिशेब. जत्रा उठताना गल्ला भरलेला दिसतो, सगळ्या जणी खुशीत घरी येतात, आणि दोन महिन्यांनी कर्जाचा हप्ता भरताना ओढाताण सुरू होते. असे अनेक गटांत घडते. म्हणून आज त्याविषयीच चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

आधी कागदावर जत्रा करा

एक उदाहरण घेऊ. समजा, चार भगिनींनी दोन दिवसांच्या जत्रेसाठी ३०,००० रुपयांचा माल घाऊक बाजारातून रोखीने आणला. दोन दिवसांत विक्री झाली २४,००० रुपयांची. गल्ला बघून कोणालाही आनंद होईल. पण विकलेल्या मालाची मूळ खरेदी होती १८,००० रुपयांची. म्हणजे वर सुटले ६,०००.

आता खर्च पाहा. जागाभाडे १,०००, टेम्पो १,६००, मांडव, ताडपत्री व वीज ६००, चहापाणी व जेवण ६००. एकूण ३,८००. शिल्लक राहिले २,२००. चौघी दोन दिवस राबल्या, म्हणजे आठ दिवसांची मजुरी झाली. रोजी ३०० रुपये धरली तरी २,४०० होतात. म्हणजे इतकी धावपळ करून २०० रुपयांचा तोटाच झाला! शिवाय १२,००० रुपयांचा न विकलेला माल घरात पडला. तो कर्जाच्या पैशांतून घेतला असेल, आणि व्याज महिना शेकडा एक रुपया असेल, तर दर महिन्याला १२० रुपये त्या पडून राहिलेल्या भांड्यांपायी जातात.

आपण शेतात एकरी खर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरत नाही आणि मग पीक परवडले असे म्हणतो. जत्रेच्या दुकानातही तेच घडते. तेव्हा दुकान लावण्याआधीच हा हिशेब कागदावर मांडा. वरच्या उदाहरणात खर्च आणि मजुरी मिळून ६,२०० होतात, आणि रुपयाला चार आणे सुटतात. म्हणजे २४,८०० रुपयांची विक्री झाली तरच बरोबरी, त्यापुढे जे मिळेल तो नफा. त्या जत्रेत एवढी विक्री होण्यासारखी नसेल, तर ती जत्रा सोडून द्यावी. देवाला जावे, दुकान घेऊन जाऊ नये.

माल जांगड घ्या

तोट्याचे मोठे कारण उरलेला माल हे असते. त्यावर जुना आणि चांगला उपाय म्हणजे जांगड. विकेल तेवढ्याचे पैसे द्यायचे, उरलेला माल चांगल्या स्थितीत परत करायचा. ओळखीचा घाऊक व्यापारी थोडी अनामत घेऊन असा माल देतो. दर दोन रुपये जास्त पडला तरी चालेल, पण उरलेल्या मालाची चिंता राहत नाही. किती नग नेले, किती परत केले, याची दोन प्रतींत यादी करून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

दुसरे असे की सगळा माल शहरातूनच आणला पाहिजे असे नाही. आपल्या पंचक्रोशीतला सुतार पोळपाट-लाटणे, रवी, परडी ठेवायचा पाट करतो. लोहार लोखंडी तवा, विळी, सांडशी, उलथने करतो. कुंभाराकडे माठ आणि मातीची भांडी असतात. या कारागिरांचा माल जांगडावर सहज मिळतो, टेम्पोचे भाडे वाचते आणि गावचा पैसा गावात राहतो. कारखान्याचा स्टीलचा डबा दहा दुकानांत सारखाच दिसतो, तेथे भावाची मारामारी होते. हातघडणीचा जड तवा मात्र सगळ्यांकडे नसतो.

हंगाम पाहून पेरा

शेतात जसा हंगाम पाहतो तसा इथेही पाहावा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाच्या वाणाला लहान वाट्या, चाळण्या, डब्या डझनाने जातात. तेव्हा मोठी पातेली नेऊन उपयोग नाही. फाल्गुन-चैत्रात कुरडया-पापडांची घाई असते, तेव्हा सोऱ्या, पापडाचे लाटणे, मोठी परात काढा. कैरीच्या दिवसांत लोणच्याच्या बरण्या आणि कैरी फोडायचे अडकित्ते. लग्नसराईत रुखवतासाठी तांब्या-पितळेची भांडी आणि डब्यांचे संच. दिवाळीपूर्वीच्या बाजारात झारा, कढई, चकलीचा सोऱ्या.

जत्रेची तारीखही पक्की विचारून घ्यावी. बहुतेक जत्रा तिथीवर ठरलेल्या असतात, पण सर्वच नव्हे. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा देवीचा कौल घेऊन ठरते, पंचांगात पाहून सापडत नाही.

दुकान कोठे आणि कसे लावावे

देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर गर्दी पुष्कळ असते, पण दर्शनाला निघालेली बाई हातात नारळ-ओटी घेऊन पातेले विकत घेत नाही. ती घेते परतताना. म्हणून जागा परतीच्या वाटेवर मागावी. बांगड्यांच्या ओळीजवळ मिळाली तर फारच चांगले. पाळणे आणि तमाशाच्या तंबूजवळ गर्दी दिसते, विक्री होत नाही. जागा ग्रामपंचायतीकडून किंवा यात्रा समितीकडून रीतसर घ्यावी आणि पावती जवळ ठेवावी.

जड माल खाली, हलका माल हाताच्या उंचीवर मांडावा. बाईला भांडे हातात घेऊन वजन पाहायचे असते, बोटाने काठ चाचपायचा असतो. तिला तसे करू द्यावे. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहावी. लाजाळू गिऱ्हाईक भाव विचारीत नाही, तसेच पुढे जाते. भांड्यावर नाव घालून देण्याची सोय असेल तर गिऱ्हाईक तेथेच थांबते, कारण नाव घातलेले भांडे भावकीत हरवत नाही.

वस्तू चालवून दाखवावी. बोलून खपत नाही तेवढे करून दाखवल्याने खपते. चकलीचे पीठ मळून न्यावे आणि सोऱ्याने कागदावर पाडून दाखवावे. विळीवर कोथिंबीर चिरावी. पण मांडवात गॅस वा स्टोव्ह पेटवू नये. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आगी लागल्या आणि अडीचशेहून अधिक भाविकांचे प्राण गेले. ही आठवण प्रत्येक दुकानदाराने ठेवावी. दुकान आखून दिलेल्या रेषेच्या आत असावे, वाटेवर एक टोपलीसुद्धा ठेवू नये.

पैसे एकीनेच घ्यावेत. सुट्टे पैसे आदल्या दिवशी आणून ठेवावेत. आता खेड्यातही मोबाईलवरून पैसे देणारे पुष्कळ आहेत, तेव्हा क्यूआरचा फलक लावावाच. मात्र जत्रेच्या गर्दीत मोबाईलची रेंज जाते. पैसे जमा झाल्याचा संदेश आल्याशिवाय माल देऊ नये आणि ते पैसे वहीत वेगळ्या रकान्यात लिहावेत.

खरे तेच सांगा

गिऱ्हाईक प्रश्न विचारते, त्याचे उत्तर आपल्याला आले पाहिजे. स्टीलला चुंबक चिकटत नाही म्हणजे ते उत्तम, अशी समजूत आहे. ती पुरती खरी नाही. ३०४ क्रमांकाच्या चांगल्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, त्याला चुंबक सहसा चिकटत नाही. पण निकेल कमी असलेल्या स्वस्त २०२ क्रमांकालाही तो चिकटत नाही. म्हणून चुंबकाचा खेळ दाखवून माल विकू नये. घाऊक व्यापाऱ्याच्या बिलावर स्टीलचा प्रकार लिहून घ्यावा आणि तोच सांगावा.

तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कल्हई नसेल तर त्यात आंबट वरण, ताक, चिंचेचे कालवण करू नये, हे विकतानाच सांगावे. कल्हई कथिलाची असते, ते सुमारे २३२ अंशांना वितळते. म्हणून असे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये. लोखंडी तवा नवा नेल्यावर घासून, पुसून, तेलाचा पातळ हात देऊन तापवावा. असे दोन-चार वेळा केले की भाकरी चिकटत नाही आणि गंज धरत नाही. या चार शब्दांना पैसे लागत नाहीत, पण गिऱ्हाईक लक्षात ठेवते.

कायद्याच्या गोष्टीही ध्यानात असाव्यात. आयएसआय चिन्ह नसलेला घरगुती प्रेशर कुकर २०२१ पासून विकता येत नाही. स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांसाठीही केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये तसा आदेश काढला आहे. तेव्हा खरेदीच्या वेळीच चिन्ह पाहावे आणि पक्के बिल घ्यावे. वेष्टनावर छापलेल्या किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेऊ नये. जुनी मोड वजनावर घेत असाल तर काटा तपासून शिक्का मारलेला असावा. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही.

साखळीपासून सावध

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. भांडी, डबे, कुकर यांच्या नावाखाली गावात काही माणसे येतात. ‘आधी अमुक हजारांचा संच घ्या, मग तुमच्याखाली चार बायका जोडा, घरबसल्या कमिशन मिळेल,’ असे सांगतात. थेट विक्रीचा धंदा वाईट नाही. कंपनीचा माल आपण सरळ गिऱ्हाईकाला विकला आणि त्यावर दलाली मिळाली, तर ती कष्टाची कमाई होय. पण जेथे माल विकण्यापेक्षा माणसे जोडण्याचेच पैसे मिळतात, तेथे शेवटी जोडलेल्यांचे पैसे बुडतात. आणि ते लोक परके नसतात. आपलीच जाऊ, नणंद, शेजारीण असते. पैसे तर जातातच, पण घराघरांतले बोलणे बंद होते.

अशा पैसाफिरवी योजनांना १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या थेट विक्रीच्या नियमांनीही माणसांची साखळी करणाऱ्या योजना चालवण्यास मनाई केली आहे. त्याच नियमांनुसार थेट विक्री करणाऱ्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय कोणाच्या घरी जाता कामा नये. कोणी तुमच्याकडे आले तर तीन प्रश्न विचारा. भरतीची फी आहे काय? न खपलेला माल परत घेता काय, आणि तसे लिहून देता काय? कमिशन माल खपल्यावर मिळते की माणूस जोडल्यावर? उत्तरे सरळ आली नाहीत तर चहा पाजून निरोप द्यावा. गटाचा पैसा हा दहा घरांच्या घामाचा असतो, तो एकीच्या भिडेखातर देऊ नये.

जत्रा उठल्यावर

मांडव उतरला की त्याच रात्री उरलेला माल मोजावा. दुसऱ्या दिवशी गटाची बैठक घेऊन आधी खर्च, मग प्रत्येकीची मजुरी, मग कर्जाचा हप्ता बाजूला काढावा आणि राहील त्यालाच नफा म्हणावे. कोणती वस्तू पहिल्या दिवशीच संपली, कोणती परत आली, कोणती वस्तू विचारली गेली पण आपल्याकडे नव्हती, हे वहीत लिहावे. पुढच्या वर्षीचे बियाणे या वहीतच असते.

प्रत्येक पावतीवर गटाचे नाव, गाव आणि फोन असावा. भांड्याचा कान निघाला, कुकरची शिट्टी नीट बसली नाही, तर बदलून द्यावे. फिरता व्यापारी पुढच्या वर्षी भेटेलच असे नाही. तुम्ही मात्र त्याच पंचक्रोशीत राहणार आहात. तीच बाई पुढल्या जत्रेला पुन्हा येईल आणि आपल्या सुनेलाही घेऊन येईल. दोन पैसे कमी सुटले तरी चालतील, पण तिने तुमच्या मांडवाची वाट चुकवू नये, एवढे सांभाळा.